एक तारखेच्या आत

३ नोव्हेंबर

ठरलं. समुद्राच्या कडेकडेनं पायी जायचं. मी आणि सुतळी. दीपगृहापासून सुरुवात, शेवट थेट त्याच्या लेकीच्या गावी. लोक अशा गोष्टी नुसत्या बोलतात. आम्ही करणार.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. आमच्या क्वालिटी खात्यात नोंद नसलेली गोष्ट घडली असं धरत नाहीत. तर, सुतळी गेल्या महिन्यात बसच्या नोकरीतून रिटायर झाला. शाळेत किडकिडीत म्हणून त्याला सुतळी म्हणायचे, तो अजून तसाच आहे. मी मात्र भरदार झालो. बायको मागेच गेली त्याची. आता घर विकलं, सामान टेम्पोनं लेकीकडे पाठवलं, आणि तोही कायमचा तिकडेच राहणार. एक तारखेपासून लेक नव्या नोकरीवर जाणार आणि नातीला शाळेत सोडायला आजोबा हवेत. म्हणजे एक तारखेच्या आत पोचलंच पाहिजे.

बसनं गेलं तर एका दिवसाचं काम. पण तो म्हणतो, आयुष्यभर त्याच रस्त्यावर गाडी चालवली, समुद्र कायम बाजूला, आणि मान वळवली तर गाडी खड्ड्यात. आता एकदा पायी जाऊन नीट बघायचाय. तू चल बरोबर.

मी लगेच हो म्हटलं. एकट्याला झेपणार नाही त्याला. प्लॅनिंग करणारा माणूस बरोबर हवा. लीडर मी. त्याला विचारलं, हरकत नाही ना? म्हणाला, तू पुढे हो, मी आहेच मागे.

प्रस्थान : आठ तारीख. रजा मंजूर. संकल्प : रोज पहाटे पाचला उठून चालण्याचा सराव. उद्यापासून.

४ नोव्हेंबर

पाचचा गजर झाला. पण घर गेल्यापासून सुतळी आमच्या बाहेरच्या खोलीत खाट टाकून झोपतो. त्याची झोपमोड नको म्हणून मी चपळाईनं गजर बंद केला. साडेसातला उठून बघतो तर खाट रिकामी. गृहस्थ पाचलाच उठून फिरून आलेले, येताना ब्रेडही आणलेला. बायको म्हणाली, भाऊजींना केवढा उत्साह आहे! हे त्याच्याबद्दल बोलली, पण माझ्याकडे बघून.

संकल्पात बदल. सराव संध्याकाळी.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. नवे बूट सरावातच झिजवले तर वाटेत काय घालणार? बूट खोक्यात परत ठेवले. हा विचार सुतळीला सुचला नसता.

६ नोव्हेंबर

बॅगेचा प्रश्न मार्गी लागला. सुतळीनं पाठीवरची सॅक घेतलीय, आमच्या स्पर्धक कंपनीची. मी तिची चेन दोनदा ओढून बघितली आणि काही बोललो नाही. मी आमच्या कारखान्याची चाकांची बॅग नेणार. या मॉडेलची चाकं मी स्वतः पास केली आहेत. आत वजन भरून, फिरत्या ड्रमवर, मध्ये अडथळ्याच्या पट्ट्या ठोकून. ड्रमवर त्या बॅगेनं जेवढं अंतर कापलंय त्यापुढे हा किनारा किस झाड की पत्ती. शिवाय पाठीला त्रास नाही.

बायकोनं विचारलं, अहो, वाळूत? मी म्हटलं, चाक ते चाक. ती स्वयंपाकघरात भाजी निवडायला गेली. तिथे सुतळी आधीच भाजी निवडत बसला होता. दोघं हसल्याचं ऐकू आलं. कशावर ते कळलं नाही.

८ नोव्हेंबर

आज निघायचं होतं. निघालो नाही. कारण हवामान. हवामान तसं चांगलं आहे, पण इतके दिवस सलग चांगलं आहे म्हणजे आता बिघडायलाच आलंय. मोहिमेला लाल टॅग लावला.

कारखान्यात मालाबद्दल शंका आली की आम्ही त्याला लाल टॅग लावतो. होल्ड. मग खुद्द साहेब आला तरी तो माल जागचा हलत नाही. माझ्याइतके लाल टॅग आजवर कुणी लावलेले नाहीत. गोदामातले लोक मला येताना बघून दुसऱ्या वाटेनं जातात. दबदबा आहे.

सुतळीला होल्डचं सांगितलं. त्यानं खिडकीतून आभाळाकडे बघितलं. स्वच्छ निळं होतं. म्हणाला, तू म्हणशील तसं, इन्स्पेक्टर.

११ नोव्हेंबर

स्वतःच्याच घरात कोंडल्यासारखं झालंय. बाहेरच्या खोलीत खाट आडवी, त्यामुळे दार अर्धंच उघडतं, पोट आत घेऊन यावं लागतं. माझ्या खुर्चीवर सुतळीची सॅक. भरलेली, पट्टे आवळलेले, तयार. बाथरूमचा गळका नळ त्यानं न विचारता दुरुस्त केला. तो नळ माझ्या निरीक्षणाखाली होता. बायको त्याला चहा विचारते आणि मला विचारते, तुम्ही निघणार कधी? त्याची लेक रोज फोन करते. तीही तेच विचारते.

सगळे हात धुऊन माझ्या मागे लागले आहेत.

संध्याकाळी मात्र आम्ही दोघं गच्चीत बसतो. तो बसमधल्या माणसांच्या नकला करतो. सुटे पैसे नसल्याचं सांगणारा, झोपून पुढच्या स्टॉपवर जाऊन भांडणारा, मोठी कोंबडी मांडीवर घेऊन अर्धं तिकीट मागणारी बाई. हसून हसून पोटात दुखतं. खाली बायको ताटं वाढून हाका मारते आणि आमच्यानं उठवत नाही. हे प्लॅनमध्ये नाही, तरी लिहून ठेवतो.

१४ नोव्हेंबर

अखेर निघालो! बायकोनं परस्पर बसची तिकिटं काढून हातात ठेवली. निषेध नोंदवला. पण निघालो.

दीपगृहापाशी उतरलो. सुतळीनं बूट काढून हातात घेतले आणि तडक पाण्यात जाऊन उभा राहिला. समुद्राकडे तोंड करून. बराच वेळ हलला नाही. मी म्हटलं, शेड्यूल आहे. म्हणाला, थांब रे जरा. मग म्हणाला, ते बघ. मी बघितलं. पाणी होतं.

चालायला लागलो. फरशी होती तोवर बॅग झकास चालली. पुढे वाळू आली. बॅग चालायची थांबली आणि नांगरायला लागली. मागे वळून बघितलं तर किनाऱ्यावर लांबपर्यंत आमच्यामागे दोन सऱ्या. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, काय पेरायचंय? काही लोकांना उद्योग नसतो.

शेवटी सुतळीनं बॅग डोक्यावर घेतली आणि मी त्याची सॅक. सॅक पाठीला बरी बसते. चेन सुमार. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी आलो. पलीकडे जायला नाव आहे, पण आजची शेवटची गेलेली. मुक्काम लॉजवर. पहिल्या दिवसाचा टप्पा समाधानकारक. जेवून बाहेर आलो तर दीपगृह दिसत होतं. बरंच मोठं दिसत होतं.

१५ नोव्हेंबर

बॅगेचं उजवं चाक फिरत नाही. आत वाळू गेलीय. डावं फिरतं, पण स्वतःभोवती. कारखान्यात फोन करून स्पेअर चाक कुरियरनं पाठवायला सांगितलं. तोवर होल्ड.

सुतळी म्हणाला, बॅग इथे राहू दे, दोन कपडे माझ्या सॅकमध्ये टाक, निघू. मी म्हटलं, आज बॅग मागे टाकशील, उद्या मला टाकशील. हे मी गमतीत म्हटलं होतं. तो हसला नाही.

१७ नोव्हेंबर

खोलीचं वर्णन करून ठेवतो, कारण दुसरं बघायला काही नाही. दोन खाटा, मध्ये माझी बॅग. बॅग उचलल्याशिवाय बाथरूमचं दार उघडत नाही आणि बाथरूमचं दार लावल्याशिवाय बॅग खाली ठेवता येत नाही. त्यामुळे एक जण आत गेला की दुसऱ्यानं बॅग धरून उभं राहायचं. एक खिडकी. उघडली की हातभर अंतरावर बर्फाच्या कारखान्याची भिंत. त्यात दिवसभर मशीन घरघरतं. समुद्र एवढा शेजारी, पण ऐकू येत नाही. पंखा करकरतो. त्याचं बेअरिंग गेलंय, हे मी लॉजवाल्या बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, काका, समुद्रावर येऊन खोलीत बसणारं आजवर कुणी आलं नाही, म्हणून कळलं नाही.

सुतळी सकाळी उठून किनाऱ्यावर जातो. जेवायच्या वेळेला येतो. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चेहरा रापलेला. दारातून विचारतो, आलं का चाक? मी म्हणतो, वाटेत असेल. मग तो बॅग ओलांडून त्याच्या खाटेवर जातो.

खरं तर मीच अडकलोय. चाकामुळे, साहेबामुळे, कुरियरवाल्यामुळे. सुतळीचं बरं आहे. तो मोकळा.

१८ नोव्हेंबर

बायकोचा फोन. कुठे आहात? म्हटलं, खाडीपाशी. ती म्हणाली, परवाही खाडीपाशीच होतात. म्हटलं, खाडी मोठी आहे. भाऊजींना फोन द्या म्हणाली. तो बाहेर गेलाय म्हटलं. ती म्हणाली, ते तरी बाहेर जातात ना.

संकल्प : बायकोचे फोन संध्याकाळीच घ्यायचे.

१९ नोव्हेंबर

वेळ फुकट घालवत नाही. भरती-ओहोटीचा अभ्यास सुरू केलाय. नाववाल्याकडे जाऊन सविस्तर माहिती विचारली. तो म्हणाला, पाणी येतं आणि जातं. एवढ्यावर मोहीम आखता येत नाही. नीट अभ्यासाला आठवडा तरी जाईल.

नवी अडचण. टाचेला फोड आला. लॉजच्या सपातांमुळे, खोली ते जेवणघर या टप्प्यात. सुतळीनं माझा पाय मांडीवर घेतला, मलम लावलं, पट्टी बांधली. म्हणाला, काय टाच आहे रे, तान्ह्या बाळाची वाटते. हिला बिचारीला जमीन माहीतच नाही. पट्टी फार छान बांधली. अशी पट्टी बांधणारा माणूस लेकीच्या गावाला जाऊन पोरीचं दप्तर धरून उभा राहणार. वाया जाणार. हे त्याला म्हटलं नाही.

२१ नोव्हेंबर

चाक आलं. दुसऱ्याच मॉडेलचं.

साहेबाला फोन लावला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बॅग वाळूत ओढलीत? मग रिपोर्टमध्ये 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' असं जाईल. हे वाक्य इतकी वर्षं मीच लोकांच्या तक्रारींवर लिहीत आलो. लिहिताना एवढं लागत नाही.

योग्य चाक पुन्हा मागवलं. सुतळीला सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली आणि पंख्याकडे बघत पडून राहिला. आज तो किनाऱ्यावरही गेला नाही. म्हटलं, बघितलंस, विश्रांती किती गरजेची असते.

२२ नोव्हेंबर, दुपारी

सुतळी बाहेरच्या कट्ट्यावर बसून लेकीशी बोलत होता. मी जिन्यात बसलो होतो, त्यामुळे ऐकू आलं. म्हणत होता, हो गं, मस्त चाललंय. नाही नाही, काका बरे आहेत, काकाच पुढे असतात, मलाच ओढत नेतात. मग नातीला म्हणाला, आज इतकं चाललो की बुटाला झोप लागली.

माझ्याबद्दल चांगलं बोलला. पण खोटं कशाला बोलायचं? मी घाईघाईनं खोलीत येऊन झोपेचं सोंग घेतलं. तो आत आला, थोडा वेळ उभा राहिला आणि माझ्या अंगावर पांघरूण घातलं. बाराचं ऊन, खोलीत मरणाचा उकाडा. तरी पांघरूण काढता येईना. तो झोपेपर्यंत घामानं निथळत पडून राहिलो.

२३ नोव्हेंबर

लॉजवाल्या बाई विचारतात, काका, एक तारखेला पोचायचंय ना यांना, मग कसं? मी म्हटलं, सगळा हिशोब डोक्यात आहे.

वर येऊन हिशोब केला. रोज दुप्पट चाललो तर अजूनही पोचतो. उद्यापासून दुप्पट. पक्कं.

२४ नोव्हेंबर

दुपारपर्यंत निघायचं जमलं नाही (टाच). संध्याकाळी वाद झाला. वाद म्हणजे मी बोलत होतो आणि तो खाटेवर बसून होता. मी म्हटलं, चाक दोन दिवसांत येतं, टाच भरत आलीय, भरतीचा अभ्यास संपत आलाय, मग असे निघू की बघत राहशील. त्यानं माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग विचारलं, तू मला पोचवायला आलायस की अडवायला?

मी ताडकन उठलो. रागानं निघून जाणार होतो, पण मध्ये बॅग होती.

तोच म्हणाला, बस. म्हणाला, मला काही कळत नाही असं वाटलं होय तुला? पहिले काही दिवस मलाही बरंच वाटलं. मला तरी कुठे जायची हौस आहे. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, पण तिथे मी बाहेरच्या खोलीतला पाहुणा, आणि तोही मरेपर्यंत. म्हणून गप्प बसलो. तुझ्या चाकासाठी नव्हतो थांबलो. पण आता पोरीला शब्द दिलाय. उद्या सकाळच्या नावेनं मी जाणार. तू आलास तर अजून जमेल, जरा घाईनं, पण जमेल. माझी फार इच्छा आहे तू यावंस.

 तू जाऊ नकोस, असं म्हणता आलं असतं. तीन सोपे शब्द आहेत.  मी म्हटलं, उद्याची भरती बघावी लागेल.

२५ नोव्हेंबर

आज मी तयार होतो. हे स्पष्ट लिहून ठेवतो. बॅग लॉजवरच सोडली. दोन शर्ट सुतळीच्या सॅकमध्ये दिले. बूट घातले, नाड्या आवळल्या. सुतळी एवढा खुशीत की धक्क्यापर्यंत शिट्टी वाजवत गेला.

तो नावेत बसला. नाववाल्यानं मला लाइफ जॅकेट दिलं. अंगात घातलं, पट्ट्याचं बकल लावलं, आणि हात तिथेच थांबला. ते बकल मी ओळखलं. सॅकच्या पट्ट्यांसाठी आलेला हाच लॉट मी नापास केला होता, खटका पूर्ण बसत नाही म्हणून. आम्ही परत पाठवलेला माल फिरत फिरत इथे येऊन पोचला होता. माझ्या छातीवर.

नाववाल्याला सांगितलं, थांबा, ही नाव हलणार नाही. लॉजवर माझ्या बॅगेत ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा आहे. पट्टा ओढून दाखवतो, मग तुम्हीच सांगा. तो म्हणाला, काका, ओहोटी लागलीय, नाव गाळात रुतेल. सुतळी म्हणाला, अरे ये, बुडलास तर मी आहे, पोहायला मीच शिकवलंय तुला. मी म्हटलं, दोन मिनिटं.

बॅग उघडली, काटा शोधला, धावत आलो. नाव मध्यावर पोचली होती. सुतळी उभा राहून हात हलवत होता. बोलावत होता की निरोप देत होता, ते लांबून कळेना. मी काटा उंच धरून दाखवला.

बेजबाबदारपणाची कमाल आहे. एका माणसासाठी थांबता येत नाही यांना.

दुपारी दुसरी नाव होती. लॉजवाल्या बाई दोनदा येऊन सांगून गेल्या. पण तोवर तो बराच पुढे गेला असणार. मागून धापा टाकत गाठणं लीडरला शोभत नाही. खोलीतच पडून राहिलो. समोरची खाट मोकळी, बॅग तिच्यावर ठेवली, आता बाथरूमचं दार सहज उघडतं. सोय झाली. बर्फाचं मशीन आज बंद होतं. ते चालू असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

२६ नोव्हेंबर

घरी परतलो. बायकोनं बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. हा तिचा स्वभाव नाही.

भिंतीवर किनाऱ्याचा मोठा नकाशा लावला. सुतळी आज कुठवर गेला असेल तिथे टाचणी टोचली. मोहिमेवर नियंत्रण घरून जास्त चांगलं ठेवता येतं. हे आधीच सुचायला हवं होतं. त्याला फोन लावला, उचलला नाही. चालत असेल.

२८ नोव्हेंबर

टाचणी व्यवस्थित पुढे सरकतेय. वेग मी त्याच्या पायाच्या मानानं धरलाय. आज तो मोठ्या भूशिरापाशी असणार. तिथे खडा चढ आहे, आणि क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा गेलेला. हात द्यायला कुणीतरी हवं होतं तिथे.

संध्याकाळी चक्क त्याचाच फोन! मी विचारलं, भूशिर? म्हणाला, आत्ताच ओलांडलं. वारा सुटलाय फार. मी म्हटलं, कड्याच्या टोकाशी जाऊ नकोस. नाही जात म्हणाला. फोन ठेवल्यावर बायकोला म्हटलं, बघ, माझा अंदाज किती तंतोतंत! ती कपड्यांच्या घड्या घालत होती. नुसतं हं म्हणाली.

बाहेरच्या खोलीतली खाट काढू का, असं विचारत होती. राहू दे म्हटलं. पाहुणारावळा येतो.

२९ नोव्हेंबर

कारखान्यात परत रुजू झालो. आज एकही लाल टॅग लावला नाही. मन लागत नव्हतं. गोदामातल्या लोकांनी चहा दिला, बरं नाही का विचारलं. घरी येऊन टाचणी पुढे सरकवली. आता थोडंच उरलंय. एक तारखेच्या आत तो नक्की पोचतो. माझं प्लॅनिंग होतं, जमणारच.

३० नोव्हेंबर

आज सुट्टी. सकाळी बायको आंघोळीला गेली होती, तिचा फोन वाजला, मी उचलला. सुतळीची लेक. मी हॅलो म्हणायच्या आधीच सुरू झाली. काकू, बाबांच्या सॅकमध्ये काकांचे दोन शर्ट निघाले, धुऊन ठेवलेत. आणि बाबांचा गुडघा आता बरा आहे, काल पोरीला घेऊन बागेत जाऊन आले. काकांना अजून काही बोलला नाहीत ना? मी म्हटलं, नाही. तिकडे एकदम शांत झालं.

बायको बाहेर आली तेव्हा मी नकाशासमोर उभा होतो. तिला वेगळं काही विचारावं लागलं नाही. ती ओल्या केसांनीच खाटेवर बसली आणि सगळं सांगितलं. सत्तावीस तारखेलाच पोचले भाऊजी. नावेतून उतरल्यावर ते पलीकडच्या धक्क्यावर संध्याकाळपर्यंत बसून होते. म्हणे, दुपारच्या नावेनं येईल तो, एवढा काही हट्टी नाही. शेवटची नाव लागली तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी चालले थोडे. पण जमेना. म्हणाले, वहिनी, समुद्र चांगला दिसला की 'ते बघ' म्हणायला बाजूला कुणी नाही. मग कसला समुद्र. रस्त्यावर बस दिसली, ड्रायव्हर ओळखीचा निघाला, चढले. पोचल्यावर मला फोन केला. मी म्हटलं, इकडे नकाशा लावलाय भिंतीवर, रोज टाचणी सरकते. तर म्हणाले, मग सरकू दे, सांगू नका. म्हणाले, तो असता तर मी सगळं चाललो असतो.

एवढं सांगून ती केस पुसायला लागली. मला राग यायला हवा होता, दोघांचाही. राग आला नाही. रडू आलं. बायको जवळ येऊन बसली.

संध्याकाळी मीच त्याला फोन लावला. लेकीनं त्याला सकाळचं सांगितलं असेल की नसेल, माहीत नाही. मी विचारलं, कुठवर आलास?  म्हणाला, वाळूचा लांबच लांब पट्टा लागलाय, संपता संपत नाही. मी विचारलं, पाणी कसं आहे? म्हणाला, शांत आहे, बघण्यासारखं आहे. मागे त्याची नात ओरडत होती, आजोबा, माझा दुसरा बूट कुठाय? तिचं ओरडणं थांबेपर्यंत आम्ही दोघंही गप्प राहिलो. मग त्यानं माझ्या टाचेची चौकशी केली. भरली म्हटलं.

म्हणाला, उद्या एक तारीख, उद्या पोचतोच. मी म्हटलं, परवा पोचलास तर नाही का चालणार?

 म्हणाला, चालेल रे, तसंही अजून पुष्कळ चालायचंय.